खेचर घ्यायचंच असेल, तर…

२०२३ च्या ऑगस्टपर्यंत अंतरवाली सराटी हे नाव अंबड तालुक्याबाहेर फारसं कुणाच्या कानावर नव्हतं. २९ ऑगस्टला मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी इथं उपोषणाला बसले, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि जालना जिल्ह्यातलं हे गाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोचलं. जानेवारी २०२४ मध्ये मुंबईकडे निघालेला मोर्चाही इथूनच हलला. टीव्हीवर लोकांनी मंडप पाहिला, गर्दी पाहिली, धुळे-सोलापूर महामार्गावरच्या वडीगोद्रीपासून लागलेल्या गाड्यांच्या रांगा पाहिल्या. कॅमेऱ्यात आलं नाही ते गावामागचं शिवार. गोदावरीच्या खोऱ्यातली काळी जमीन, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर पोसलेला ऊस, कापूस, मोसंबीच्या बागा आणि या सगळ्याकडे जाणाऱ्या पाणंदी.

पावसाळ्यात या भागातली पाणंद म्हणजे परीक्षा असते. काळी माती ओली झाली की टायरला चिकटते, मडगार्डात भरते आणि शेवटी चाकच फिरायचं थांबतं. मोटारसायकल बांधाला टेकवून चपला हातात घ्यायच्या आणि उरलेली वाट पायी तुडवायची, हे इथल्या माणसाला नवं नाही. राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, काही ठिकाणी खडीही पडली. पण शिवार मोठं आणि योजना सावकाश. मग पारावर विषय निघतोच, यापेक्षा एखादं खच्चर घेतलेलं काय वाईट? पेट्रोल नको, पंक्चर नको, वर्षभर चारा घरचा.

हे बोलणं बहुतेकदा हसण्यावारी जातं. पण मराठवाड्यात लोकांनी ते खरं करूनही पाहिलं आहे. करोनाच्या टाळेबंदीत छत्रपती संभाजीनगरच्या एका औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातल्या प्रयोगशाळा सहायकाने ४० हजार रुपयांना काठेवाडी घोडा घेतला आणि त्यावरून कामावर जायला सुरुवात केली. २०२२ मध्ये इंधनाचे भाव भडकले तेव्हा त्याची बातमी देशभर फिरली. मार्च २०२१ मध्ये नांदेडच्या जिल्हाधिकारी कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याने रीतसर अर्ज दिला होता. पाठीच्या त्रासामुळे दुचाकी चालवता येत नाही, घोड्यावरून यायचा विचार आहे, तरी कार्यालयाच्या आवारात घोडा बांधायला परवानगी मिळावी. प्रशासनाने वैद्यकीय महाविद्यालयाचं मत मागवलं. अस्थिरोगतज्ज्ञांचा अभिप्राय असा आला की घोड्यावर बसून पाठीचं दुखणं वाढेल. लोक हसले, पण अर्ज आणि उत्तर दोन्ही मुद्द्याला धरून होते. जनावर घेण्याआधी एवढी चौकशी सगळ्यांनी केली, तर बरेच सौदे बाजाराच्या वाटेवरच मोडतील.

तेव्हा चौकशी करूया. खेचर कसं असतं, कुठं मिळतं, कसं पाहून घ्यायचं, सांभाळायला काय लागतं आणि अंतरवालीच्या चिखलात ते चालेल का?

आईचं अंग, बापाचे पाय

घोडी आणि गाढव यांच्यापासून होतं ते खेचर. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२ आणि खेचराची ६३. या विषम संख्येमुळे खेचराचा वंश पुढे चालत नाही. प्रत्येक खेचर नव्याने जन्माला घालावं लागतं. म्हणूनच जिथं चांगल्या घोड्या आणि उंच नर गाढवं दोन्ही आहेत, तिथंच खेचरांची पैदास होते. लष्करासाठी ती हिस्सार, बाबूगड, सहारनपूर अशा ठिकाणी झाली, आणि नागरी बाजारातला मोठा व्यवहार आजही उत्तर भारतातच आहे. आग्र्याजवळच्या बटेश्वरच्या जत्रेत घोड्यांबरोबर खेचरंही उभी असतात. विटभट्ट्या आणि केदारनाथ, वैष्णोदेवीसारख्या वाटा हे त्यांचं गिऱ्हाईक. चारधामला जाऊन आलेल्या पुष्कळ मराठी माणसांनी आयुष्यात एकदाच जी स्वारी केली, ती खेचरावरची.

खेचराची उंची आणि बांधा बहुतेक आईवर जातो, कान आणि पाय बापावर. गाढवाचा काटकपणा त्यात पुरेपूर उतरतो. कमी प्रतीच्या चाऱ्यावर निभावतं, उन्हातान्हात टिकतं, घोड्यापेक्षा जास्त वर्षं कामाला येतं. त्याला हट्टी म्हणतात, पण त्या हट्टामागे अक्कल असते. पुढे पाय टाकायची जागा बरी वाटली नाही, तर ते थांबतं. घोडा घाबरून उधळेल तिथं खेचर उभं राहून विचार करतं. डोंगराच्या कडेवर ही सवय जीव वाचवते. घाईतल्या स्वाराला मात्र ती अडेलपणा वाटते.

कायद्यानेही खेचराची ताकद मान्य केली आहे. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ मध्ये केलेल्या केंद्रीय नियमांत पाठीवरच्या ओझ्याची कमाल मर्यादा खेचराला २०० किलो, तट्टाला ७० किलो आणि गाढवाला ५० किलो अशी आहे. जनावर दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त कामाला लावायचं नाही, आणि ३७ अंशांपेक्षा जास्त तापमान असलेल्या भागात दुपारी १२ ते ३ या वेळेत तर नाहीच, असंही हे नियम सांगतात. मराठवाड्यातला उन्हाळा डोळ्यांसमोर आणा. मार्चअखेरपासून जूनपर्यंत दुपारची स्वारी नियमाने बंद. आणि तट्टाची मर्यादा ७० किलो असेल, तर खोगिरासह त्यावर बसणाऱ्याने आधी स्वतःचं वजन करून घेतलेलं बरं.

गोदाकाठी खेचर का नव्हतं

मराठवाड्यात घोड्यांना तोटा नव्हता. दख्खनच्या लढाया घोड्यांच्या टापांवर झाल्या. २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई याच जालना जिल्ह्याच्या मातीत झाली आणि त्यात इंग्रज सेनापती वेलस्लीच्या अंगाखालचे घोडे जायबंदी झाले. पुढे जालन्याला हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती, म्हणजे घोडदळ, पागा आणि नालबंद आलेच. एवढं सगळं असून माल वाहायला इथं खेचर रुजलं नाही. ती जागा बैलाने घेतली होती. लमाण-बंजारांचे हजारो बैलांचे तांडे धान्य आणि मीठ पाठीवर घेऊन दख्खनभर फिरत. लढणाऱ्या दोन्ही बाजूंच्या फौजांची पोटं त्यांच्यावर अवलंबून असत. अंबड-घनसावंगी भागातले आजचे तांडे त्याच फिरत्या लोकांची वस्ती आहेत.

बैलालाच पसंती का, याचं उत्तर जमिनीत आहे. बैलाचा खूर दुभंगलेला. चिखलात पाय पडला की तो फाकतो, वजन पसरतं आणि पाय उचलताना खूर मिटून सुटा होतो. घोड्याच्या जातीचा खूर एकसंध. खेचराचा तर गाढवासारखा अरुंद आणि उभा. कातळावर, मुरमावर, पायऱ्यांवर हा खूर घट्ट बसतो. ओल्या काळीत तो खुंटीसारखा आत जातो. नाल मारलेली असेल तर चिखल ती ओढून घेतो.

महाराष्ट्रात खेचराला मान मिळालेली जागा पाहायची, तर माथेरानला जावं. तिथं मोटारींना बंदी असल्याने दस्तुरी नाक्यापासून वर सिलिंडर, सिमेंट, भाजीपाला हा सगळा माल वर्षानुवर्षं घोडे आणि खेचरं वाहत आली. वाट तांबड्या जांभ्या दगडाची आणि चढाची. जनावर तेच, पण जमीन बदलली की त्याची किंमत बदलते. पाणंदीतल्या चिखलावर उतारा म्हणून खेचर घ्यायचं ठरवणारा माणूस खेचराला नेमकं त्याच्या कमजोर बाजूने वापरणार असतो. बाजारात कुणी हे सांगत नाही, कारण बाजारातली जमीन कोरडी असते.

डोळ्यांसमोरून जाणारं तट्टू

मग अशा जमिनीवर पाठीवरचं जनावर कुणी टिकवलंच नाही का? टिकवलं. सुगी आटोपली की मेंढ्यांचे कळप घेऊन फिरणारे धनगर शिवारात उतरतात. शेतकरी खतासाठी रानात मेंढ्या बसवून घेतो. कळप पुरुषांच्या हाती, बिऱ्हाड बायांच्या. आणि बिऱ्हाड असतं तट्टाच्या पाठीवर. खाली गोधड्या, वर पाल, मेंढ्या कोंडायची वाघर, दोन्ही बाजूंना भांड्यांचे बोचके. त्यावर पाय बांधलेल्या दोन-चार कोंबड्या. एका बाजूच्या झोळीतून काल जन्मलेल्या कोकराचं डोकं बाहेर, आणि सगळ्याच्या वर कधी तीन-चार वर्षांचं पोर. तट्टू बुटकं, पोट सुटलेलं, शेपटीचे केस गुंतलेले. कुणी दोर धरलेला नसला तरी ते पुढच्या बाईच्या मागे चालत राहतं. एसटीचा हॉर्न वाजला तर कान हलवतं, पाय नाही.

पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यातल्या मेंढपाळांनी जपलेल्या याच तट्टांना अलीकडे भीमथडी घोडा म्हणून स्वतंत्र जातीची मान्यता मिळाली. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने मारवाडी, काठेवाडी, कच्छी-सिंधी वगैरेंच्या यादीत त्याची नोंद केली. भीमथडीच्या तट्टांना यमुनेचं पाणी पाजल्याचा अभिमान आपण मिरवला, पण ती तट्टं जिवंत ठेवली ती पागांनी नव्हे, पालात राहणाऱ्यांनी. अंतरवालीच्या माणसाला बसायला जनावर हवं असेल, तर उत्तर प्रदेशाकडे पाहण्याआधी त्याने आपल्याच रानात उतरलेल्या या जनावराकडे पाहावं.

देवाच्या दारचे बाजार

आपल्याकडचे जनावरांचे मोठे बाजार देवांच्या यात्रांना धरून आहेत आणि दिवाळी झाली की त्यांचा हंगाम उघडतो. पहिला सारंगखेड्याचा. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीला भरते आणि देशभरातले घोडे तिथं येतात. इथले घोडे मिरवायचे, नाचवायचे, शर्यतीचे, भावही तसेच. वर्तमानपत्रात लाखांचे, कधी कोटीचे आकडे येतात. ते आकडे मागितलेल्या किमतीचे असतात. सौदा कितीला तुटला हे बाजार समितीच्या पावतीवर पाहावं.

त्यानंतर मार्गशीर्ष वद्यात नांदेड जिल्ह्यातलं लोहा तालुक्याचं माळेगाव. खंडोबा हा घोड्यावरचा देव, म्हणून त्याच्या दारात घोड्यांचा बाजार शोभतो. घोडे, गाढवं, उंट आणि त्यांच्यात खेचरंही इथं येतात. मराठवाड्यातल्या माणसाला खेचर हात लावून पाहायचं असेल, तर माळेगाव ही सोयीची जागा. पौष पौर्णिमेला जेजुरीत, पुन्हा खंडोबाच्याच पायथ्याशी, गाढवांचा बाजार भरतो. वडार, बेलदार, कैकाडी, कुंभार, परीट, वैदू अशा समाजांची वर्षाची खरेदी तिथं होते. काठेवाडी गाढव उंच आणि ताकदीचं, म्हणून गावरानापेक्षा महाग. शेवटी फाल्गुनात, होळीपासून पाडव्यापर्यंत, पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांची यात्रा आणि तिथला गाढवांचा बाजार. अंतरवालीहून शहागडचा गोदावरीचा पूल ओलांडून गेवराईमार्गे जाणाऱ्याला या बाजारांत मढीच सगळ्यात जवळची.

या बाजारांत गर्दी आहे, पण माल घटतो आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात खेचरं उरली ८४ हजार. २०१२ च्या गणनेत ती १ लाख ९६ हजार होती. म्हणजे सात वर्षांत निम्म्याहून जास्त गेली. गाढवं ३ लाख २० हजारांवरून १ लाख २० हजारांच्या आसपास आली, घोडे आणि तट्टं सव्वासहा लाखांवरून ३ लाख ४० हजारांवर. ट्रॅक्टर आले, टेम्पो आले, विटभट्टीवर यंत्रं आली. जनावरं कमी झाली तशी ती ओळखणारी माणसंही कमी झाली आणि नवख्याला फसवणं सोपं झालं.

दात, पाय, पाठ

बाजारात जनावराचं वय मालकाच्या तोंडून ऐकायचं नसतं, जनावराच्या तोंडात पाहायचं असतं. खालचा ओठ अंगठ्याने दाबून खाली केला की समोरचे दात दिसतात. दुधाचे दात लहान, पांढरे, मानेशी बारीक. पक्के दात रुंद आणि पिवळसर. अडीच वर्षांच्या सुमारास मधली जोडी पडून पक्की येते, साडेतीनला शेजारची, साडेचारला कडेची. पाचव्या वर्षी तोंड भरतं. जेजुरीच्या बाजारात यालाच कोरा, दुवान, चौवान, अखंड अशी भाषा आहे आणि भाव त्यावरच ठरतो. बसण्यासाठी घ्यायचं जनावर अखंड झालेलं असावं. कोवळं घेऊन त्यावर बसलं की पाठ आणि गुडघे कायमचे जातात.

पाचनंतर दातांच्या माथ्यावरच्या खळग्या झिजत जातात. दहाच्या सुमारास वरच्या कडेच्या दातावर हिरडीपाशी एक उभी काळसर रेघ उगवते. पंधराला ती निम्म्यावर येते, विसाला टोकाला पोचते. म्हाताऱ्या जनावराच्या दातांवर कानस फिरवून आणि खोट्या खळग्या कोरून त्याला तरुण करणारे हात जगभर होते आणि आहेत. खळग्या कोरता येतात, पण दातांचा कोन बदलता येत नाही. बाजूने पाहिलं तर तरुणाचे दात उभे दिसतात, म्हाताऱ्याचे पुढे आलेले.

मग पाय. जनावर मातीवर नव्हे, कडक जमिनीवर सरळ चालवायला सांगा, आधी चालीने, मग दुडक्या चालीने. स्वतः मागे उभे राहा, नंतर समोर. पुढचा पाय दुखत असेल तर दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं. डोळे मिटून टापा ऐका. चार ठोके सारखे यायला हवेत. चारही पाय एकेक करून उचलून घ्या. मालकाला उचलू देणारं आणि तुम्हाला न देणारं जनावर तुमच्या घरी नालबंदालाही देणार नाही. खेचर बाजूलाही लाथ मारतं, त्यामुळे बरगडीशी उभं राहिलो म्हणजे सुरक्षित झालो, असं समजू नये.

पाठीवरून पंजा दाबत न्या. जिथं अंग चोरेल तिथं दुखतं. खोगिराच्या जागी पांढऱ्या केसांचे ठिपके असतील, तर तिथं कधीतरी जखम होऊन गेलेली आहे. खेचराची पाठ सपाट आणि खांद्याचा उंचवटा कमी, त्यामुळे घोड्याचं खोगीर उतारावर पुढे घसरतं. शेपटीखालून जाणारी दुमची लागतेच, आणि ती सहन करायची सवय जनावराला आहे का, हेही पाहावं लागतं. नर खेचर खच्ची केलेला नसेल तर बसण्यासाठी घेऊ नये. पिल्लू होत नाही म्हणून त्याचा माज कमी असतो असं नाही.

घोडेबाजारात अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवर आणि रंगखुणांवर मोठी चर्चा चालते. देवमण शुभ, अश्रुढाळ अशुभ, पंचकल्याणी घरात लक्ष्मी आणतो. ज्याला हौस आहे त्याने पाहावं. जनावराच्या पायात खोड असेल तर ती देवमणाने भरून निघत नाही. खरी कसोटी बसण्याची. आधी मालकाला बसायला सांगा, मग स्वतः बसा आणि जनावर त्याच्या सोबत्यांपासून दूर, एकटं, बाजाराबाहेर न्या. खेचराला सोबतीच्या घोडीचा फार लळा असतो. कळपात गुणी वाटणारं जनावर दोनशे पावलांवर पाय रोवून माघारी वळतं, आणि तुमच्या घरी तर त्याला एकट्यानेच राहायचं असतं. तिथंच इसार देऊ नका. दुसऱ्या दिवशी पहाटे, दलालाला न सांगता, त्याच दावणीवर जा. रात्री पोट दुखून लोळलेलं, पाणी पाजून फुगवलेलं किंवा औषध देऊन शांत केलेलं जनावर पहाटे खरं दिसतं.

रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची रीत जुनी आहे आणि दलाल त्यात तरबेज असतो. भाव कसाही ठरवा, पण पावती बाजार समितीची घ्या. त्यावर रंग, खुणा, वय, विकणाऱ्याचं नाव आलंच पाहिजे. चोरीचं जनावर पावतीशिवायच विकलं जातं.

नाकातला शेंबूड आणि रक्ताची चाचणी

घोडा, गाढव, खेचर या तिघांना होणारा आणि माणसालाही लागणारा ग्लँडर्स हा रोग २००६ मध्ये भारतात पुन्हा उफाळला, तो महाराष्ट्रात, पुणे आणि पाचगणीच्या घोड्यांत. नाकातून चिकट शेंबूड, नाकाच्या आत व्रण, पायांवर आणि अंगावर फुटणाऱ्या गाठी ही लक्षणं. त्यावर लस नाही आणि बाधित जनावर कायद्याने मारावं लागतं. पण पुष्कळ जनावरांत रोग दबा धरून असतो, वरून काही दिसत नाही. म्हणून रक्ताची तपासणी हाच उपाय. तिची शेवटची खात्री हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्रात होते. बाजारातून आणलेलं जनावर अहवाल येईपर्यंत वेगळं बांधावं, वेगळ्या बादलीत पाणी द्यावं. धनुर्वाताची लस आल्याबरोबर टोचून घ्यावी. उघड्या जखमेतून धनुर्वात होण्याचा धोका घोड्याच्या जातीला फार.

चारा घरचा, पण कुठला?

तीनशे किलोच्या जनावराला दिवसाला सहा-सात किलो कोरडा चारा लागतो, उन्हाळ्यात पाणी पंचवीस-तीस लिटर आणि कामाच्या दिवसांत वर चंदी. ज्वारीचा कोरडा, बुरशी नसलेला कडबा चालतो. बुरशीचा कडबा बैल कसाबसा पचवतो. घोड्याच्या जातीला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटशूळ उठला की ते थेट जिवावर बेततं. कोवळी ज्वारी बैलाला किराळ लावते, घोड्यालाही ती घालू नये. कारखान्याच्या हंगामात या भागात उसाचं वाढं फुकट मिळतं आणि मोह तिथंच होतो. वाढ्यावरच जनावर ठेवलं की त्यातल्या ऑक्सलेटमुळे अंगातला चुना कमी होतो आणि हाडं पोकळ होतात. सगळ्यात मोठा धोका गाईच्या खुराकाचा. दुभत्या जनावरांच्या काही तयार खुराकांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते मानवतं, घोड्याच्या जातीला थोडंही मारक ठरतं. गोठा एकच आणि घमेलं एकच, असं चालणार नाही.

खूर दर सहा-आठ आठवड्यांनी कापावे लागतात. शेतातच फिरणाऱ्याला नाल नसली तरी चालते. डांबरावर चालणाऱ्याला लागते. बैलांना पत्र्या मारणारा नालबंद आठवडी बाजारात अजून भेटतो, पण बैलाची पत्री मारणं आणि घोड्याचा खूर तासणं ही दोन वेगळी कामं आहेत. लग्नाच्या वरातीसाठी घोडी ठेवणारे लोक तालुक्याच्या गावी असतात, त्यांचा नालबंद कोण, हे जनावर घेण्याआधी विचारून ठेवा. तेच डॉक्टरचं. तालुक्याच्या दवाखान्यातला पशुवैद्यक गाई-म्हशी-शेळ्यांत हात बसलेला असतो. अवघड प्रसंगी परभणीचं पशुवैद्यक महाविद्यालय जवळचं.

बसायचं कुणी

यात एक गोष्ट पैशात मोजता येत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या विडा गावी धुळवडीला जावयाला गाढवावर बसवून गावभर मिरवतात. काही दशकांची परंपरा आहे, जावई आधीच गाव सोडून पळतात आणि गावकरी त्यांना शोधून आणतात. सगळं हौसेने चालतं, पण गंमत येते ती गाढवावर बसणं ही नाचक्की आहे यावर सगळ्यांचं एकमत असल्यामुळे. घोड्यावर मात्र नवरदेव बसतो आणि देवही. खेचर या दोघांच्या मधे अडकलेलं. त्यावर बसून शेताकडे निघालेल्या माणसाला पहिले काही दिवस गाव हसणार, हे धरूनच चालावं. कायद्याला त्याचं वावडं नाही. महामार्गाला आहे, वडीगोद्रीच्या चौपदरी रस्त्यावर हायवा आणि ट्रॅव्हल्सच्या रांगेत कसलंही जनावर घेऊन जाणं हा वेडेपणा आहे. स्वारी गावाच्या आतल्या वाटांवरच.

सौदा करावा का

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांच्या पैदाशीला जागा दिली. भांडवली खर्चाच्या ५० टक्के, कमाल ५० लाखांपर्यंत अनुदान. विम्यातला पशुपालकाचा वाटाही कमी करून १५ टक्क्यांवर आणला. पैदास करू पाहणाऱ्यांना हे चांगलंच आहे. पण एक जनावर घेऊन शेताकडे जाऊ पाहणाऱ्याची अडचण भांडवलाची नाही. टाळेबंदीतला घोडा ४० हजारांना आला, म्हणजे जुन्या दुचाकीच्या भावात. जनावर स्वस्तच आहे. महाग झालं आहे ते त्याच्या भोवतीचं सगळं. खूर तासणारा, पोटशूळ ओळखणारा, दात वाचणारा माणूस गावातून गेला, आणि तो कुठल्याच अनुदानात मिळत नाही. तालुक्याच्या दवाखान्यातल्या एखाद्या डॉक्टरला घोड्यांच्या उपचाराचं आणि आठवडी बाजारातल्या नालबंदाला खूर तासण्याचं शिक्षण दिलं, तर त्या ५० लाखांपेक्षा जास्त जनावरं जगतील.

अंतरवाली सराटीच्या माणसासाठी माझा कौल असा. काळीच्या पाणंदीसाठी खेचर घेऊ नका. तिथं बैलगाडी आणि खडीचा रस्ता हीच औषधं, आणि रस्त्यासाठी ग्रामपंचायतीच्या मागे लागणं खेचराच्या मागे लागण्यापेक्षा फायद्याचं. रान मुरमाड असेल, चढउताराचं असेल, ओझं रोजचं असेल आणि सोबतीला दुसरं जनावर बांधायची तयारी असेल, तर खेचर जरूर घ्या; ते तुमच्या मुलाच्याही कामाला येईल. नुसतं बसायला हवं असेल, तर मेंढपाळाच्या ओळखीतलं अखंड, शांत तट्टू घ्या, आणि तुमचं वजन साठच्या आत असेल तरच. या हिवाळ्यात माळेगावला जाणार असाल, तर पहिल्या फेरीत पाकीट घरी ठेवा आणि ओळखीच्या पशुवैद्यकाला बरोबर घ्या. त्याचा दिवसाचा खर्च लंगड्या जनावराच्या किमतीपेक्षा नेहमीच कमी पडतो.